सिगारेट सोडवणाऱ्या गोळीवरचा आळ

सिगारेट सोडवायच्या औषधांचा इतिहास मळमळीपासून सुरू होतो, आणि शंभर वर्षं उलटली तरी मळमळ त्यातून गेलेली नाही. मी लालबागला औषधांचं दुकान चालवलं. आता मुलगा बसतो. खोक्यात घडी करून ठेवलेली बारीक टायपातली चिठ्ठी गिऱ्हाईक न उघडताच फेकून देतं. मला ती वाचायची खोड आहे. ब्लडप्रेशरच्या किंवा शुगरच्या गोळीची चिठ्ठी वाचून माणूस घाबरतो, यापलीकडे तिच्यात काही नसतं. धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्यांचं तसं नाही. त्यांत दर काही वर्षांनी नवा परिच्छेद घुसतो आणि कधीकधी एखादा जुना मुकाट्याने निघून जातो. तो का घुसला आणि का निघाला, हे शोधायला लागले तेव्हा माझी दुपारची झोप गेली.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे शिकागोत ल्युसी पेज गॅस्टन या बाईंची सिगारेटविरोधी चळवळ जोरात होती. त्यांच्या संघटनेच्या दवाखान्यात डॉ. क्रेस नावाचे डॉक्टर येणाऱ्याच्या घशाला सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण लावत आणि जेन्शियनचं कडूजहर मूळ चघळायला देत. चांदीचा क्षार तोंडात असताना धूर घेतला की अशी घाण धातूची चव येते की हातातली सिगारेट फेकून द्यावीशी वाटते. वर्तमानपत्रं विकणारी पोरंसुद्धा तिथे रांगेत उभी राहायची. उपाय म्हणावा तर एवढाच होता. पुढे हीच चांदी सिल्व्हर ॲसिटेटच्या रूपाने च्युइंगगममध्ये आणि गोळ्यांमध्ये आली. फार दिवस फार खाल्ली तर चांदी कातडीत साठते आणि माणूस निळसर राखाडी दिसू लागतो. तो रंग परत जात नाही.

दुसरं औषध लोबेलिन, लोबेलिया नावाच्या अमेरिकन रानझुडपातलं. तिकडचे झाडपाल्याचे वैद्य हे झुडूप उलटी करवायला वापरत. १९३०च्या दशकात कोणाच्या तरी लक्षात आलं की लोबेलिनची क्रिया थोडीफार निकोटिनसारखी आहे, आणि मग त्याच्या गोळ्या पन्नासेक वर्षं दुकानांतून खपल्या. १९९३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रण खात्याने, लोबेलिन आणि चांदी दोन्ही बाजारातून काढायला लावली. त्यांनी सिगारेट सुटते असा पुरावा मिळत नव्हता. चांदीच्या बाबतीत तर आज आपण ज्याला दुष्परिणाम म्हणू, तोच मुळात इलाज होता. चव बिघडवणं सोडून त्या औषधाला दुसरं कामच नव्हतं.

खरं शास्त्र स्वीडनमधून आलं. १९६७ च्या डिसेंबरात लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन यांनी हेलसिंगबोर्गच्या लिओ कंपनीतल्या ओवे फेर्नो यांना पत्र लिहिलं. पाणबुडीत सिगारेट पेटवता येत नाही, तेव्हा खलाशी तंबाखू तोंडात धरतात आणि त्यांचं भागतं. मग धुराशिवाय नुसतं निकोटिन का देऊ नये? फेर्नो स्वतः सिगारेटचे भोक्ते. त्यांनी निकोटिनला राळेसारख्या पदार्थाला बांधून च्युइंगगममध्ये घातलं. स्वित्झर्लंडमध्ये ते १९७८ मध्ये मंजूर झालं, अमेरिकेत १९८४ मध्ये, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. बारा वर्षांनी चिठ्ठीची अट गेली.

या गममधली एक गोष्ट लालबागच्या माणसाला शाळेत न जाता कळेल. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरायचं तर तोंडातलं वातावरण अल्कधर्मी लागतं. म्हणून गममध्ये सोडियम कार्बोनेट घालतात. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळताना बोटाने चुना लावतात, तोही यासाठीच. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक आंबट. त्यांच्यावर गम चघळलं की निकोटिन तोंडात शोषलं न जाता लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी, छातीत जळजळ, मळमळ. आमच्याकडे गम नेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते सिनेमाला बसल्यासारखं मचमच चावत. "वहिनी, तुमचं हे गम खाल्लं की उचकी थांबत नाही," अशी तक्रार यायची. दोनचार वेळा चावा, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवा, झणझण कमी झाली की परत चावा, असं मी काउंटरवर स्वतःचा गाल फुगवून दाखवायची. पाठीमागचे गिऱ्हाईक हसत. पण उचकी थांबे.

१९९१ च्या शेवटी अमेरिकेत निकोटिनचा पॅच आला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पहिला मोठा गदारोळ झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका रुग्णालयातून बातमी फुटली की पॅच लावून वर सिगारेट ओढणाऱ्या काही जणांना हृदयविकाराचा झटका आला. अमेरिकेत तेव्हा लाखो लोक दंडाला पॅच चिकटवून फिरत होते. एफडीएच्या तज्ज्ञांनी तपासलं तर पॅचचा संबंध जुळेना. १९९६ मध्ये हृदयरोग असलेल्याच धूम्रपान करणाऱ्यांवर मुद्दाम चाचणी झाली, तिच्यातही पॅचने धोका वाढला नाही. पॅच लावणारा माणूस कोण असतो? वीस-तीस वर्षं ओढलेला, बहुधा डॉक्टरांनी दम भरलेला, छातीत आधीच काहीतरी सुरू झालेला. अशा लाखभर लोकांमध्ये काही झटके पॅच असता-नसता येणारच. आळ मात्र दंडावर दिसणाऱ्या चौकोनावर आला. हे मी नीट लक्षात ठेवलं, कारण पुढे असंच पुन्हा घडलं.

त्याआधी ब्युप्रोपिऑनची गोष्ट. १९६९ मध्ये बरोज वेलकम कंपनीत नरिमन मेहता यांनी हा रेणू बनवला. नाव वाचलं आणि मला फोर्टातल्या जुन्या पारशी पाट्याच डोळ्यांपुढे आल्या. औषध नैराश्यावरचं. १९८५ च्या शेवटी अमेरिकेत मंजूर झालं आणि काही महिन्यांतच परत घ्यावं लागलं, कारण खाऊन मुद्दाम उलटी करण्याचा मानसिक आजार असलेल्या रुग्णांवर चाचणी चालली असता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फिट आली. डोसला लगाम घालून १९८९ मध्ये ते पुन्हा आलं. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात लिंडा फेरी नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या कानावर आलं की ही गोळी घेणाऱ्यांना सिगारेटची इच्छाच होत नाही. कंपनीने ते शोधलं नव्हतं, सैनिकांनी सांगितलं. फेरीबाईंनी छोट्या चाचण्या केल्या, मग मोठ्या झाल्या, आणि १९९७ मध्ये तीच गोळी झायबॅन हे दुसरं नाव लावून धूम्रपान सोडवायला बाजारात उतरली. नैराश्याच्या औषधाचा नको असलेला परिणाम म्हणून जे वहीत लिहून ठेवलं असतं, तेच इथे औषध ठरलं.

झायबॅनच्या चिठ्ठीत सगळ्यात महत्त्वाची ओळ फिटबद्दलची आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या डोसला हजारात एकाला, ४५० ला हजारात चौघांना. आकडा लहान वाटतो, पण फिट येणारा माणूस जिन्यावर असू शकतो, गाडी चालवत असू शकतो. म्हणून पूर्वी फिट आलेली असेल, खाण्याचे विकार असतील किंवा रोजची दारू अचानक बंद केली असेल, तर ही गोळी द्यायचीच नाही. बाकी तोंडाला कोरड पडते आणि झोप उडते. दिवसातली दुसरी गोळी निजायच्या तोंडावर घेऊ नका, दोन्हींत आठ तासांचं अंतर ठेवा, एवढं सांगितलं की निम्मी तक्रार मिटते. मला विचाराल तर या औषधाला जेवढं घाबरायला हवं तेवढं लोक घाबरत नाहीत आणि पुढच्या गोळीला नको तेवढं घाबरतात.

ती पुढची गोळी व्हॅरेनिक्लिन. तिचं मूळ युरोपातल्या बागांमध्ये आहे. लॅबर्नम नावाचं झाड, पिवळ्या घोसांनी बहरणारं, आपल्या बहाव्याची आठवण करून देणारं. बिया विषारी, पोरांनी शेंगा खाल्ल्या की ओकाऱ्या. विषारी द्रव्याचं नाव सायटिसिन. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिकांनी या झाडाची पानं ओढली असं सांगतात. सायटिसिन मेंदूत निकोटिनच्याच जागी जाऊन बसतं, पण निकोटिनइतकं चेतवत नाही. बल्गेरियात सोफार्मा कंपनीने १९६४ मध्ये त्याची टॅबेक्स नावाची गोळी काढली. शंभर गोळ्यांचा पंचवीस दिवसांचा कोर्स, सुरुवातीला दिवसाला सहा. पूर्व युरोपात ती कवडीमोल भावात वर्षानुवर्षं खपली, आणि पश्चिमेच्या डॉक्टरांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. लोखंडी पडद्याने माणसं अडवली तशी औषधंही अडवली. पोलंडमधल्या चाचणीचा निकाल इंग्रजी नियतकालिकात छापून यायला २०११ साल उजाडलं.

अमेरिकेत फायझरच्या कनेटिकटमधल्या प्रयोगशाळेत जोथम को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटिसिनच्या रचनेवरून व्हॅरेनिक्लिन घडवलं. मे २००६ मध्ये एफडीएने नेहमीपेक्षा लवकर मंजुरी दिली. अमेरिकेत नाव चँटिक्स, बाहेर चँपिक्स. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, मग चार दिवस दोन, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमच्या दोन, आणि तो आठवा दिवस सिगारेट बंद करायचा. एकूण बारा आठवडे. निकोटिनच्या खुर्चीत ही गोळी बसलेली असते. सिगारेट ओढली तरी मजा येत नाही आणि न ओढली तरी फार तडफड होत नाही.

चाचण्यांतच दिसलं होतं की दहातल्या तिघांना मळमळतं, आणि काहींना विचित्र, अगदी लख्ख स्वप्नं पडतात. आमच्याकडे ही गोळी थोडेच लोक नेत, महाग होती. त्यांतले एक बँकेत नोकरीला होते. ते एका सकाळी घाईने आले. "वहिनी, काल स्वप्नात मी तुमच्या दुकानापुढे उभा राहून आख्खं पाकीट ओढलं. उठलो तर घाम. तोंडाला वास येतोय का बघायला बायकोला उठवलं." स्वप्नाची त्यांना गंमतच वाटली. मळमळीने मात्र जेरीला आणलं होतं. विचारलं, गोळी कशावर घेता? म्हणे सकाळी चहाबरोबर, पोटात दुसरं काही नसतं. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं आहे, जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर. पोळीभाजी खाऊन घ्यायला लागल्यावर त्यांचं बरं चाललं.

पण २००७ पासून अमेरिकेत याहून भयंकर गोष्टी कानावर येऊ लागल्या. त्या सप्टेंबरात डॅलसमध्ये एक संगीतकार रात्री बेभान होऊन शेजाऱ्याचं दार बडवत राहिला आणि शेजाऱ्याने आतून झाडलेल्या बंदुकीने मेला. तो चँटिक्स घेत होता, त्या रात्री दारूही प्यायला होता. नोव्हेंबरात एफडीएने आत्महत्येचे विचार आणि विचित्र वागणूक यांच्या तक्रारी तपासत असल्याचं जाहीर केलं. मे २००८ मध्ये औषधांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या एका संस्थेने अपघात, चक्कर, शुद्ध हरपणं अशा तक्रारींचा ढीग मांडला, आणि लगोलग तिथल्या विमान खात्याने वैमानिकांना ही गोळी घ्यायला बंदी केली. १ जुलै २००९ ला चिठ्ठीच्या माथ्यावर काळी चौकट आली. अमेरिकेत इशाऱ्याची यापेक्षा वरची पायरी नाही. ब्युप्रोपिऑनलाही तीच चौकट मिळाली. शेकड्यांनी खटले पडले, आणि २०१३ पर्यंत कंपनीने बहुतेक पैसे देऊन मिटवले.

मला इथे कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही, कारण त्या वर्षांत कोणालाच नीट दिसणं शक्य नव्हतं. सिगारेट सोडणारा माणूस काय करतो? चिडतो, रडकुंडीला येतो, झोपत नाही, बायकोपोरांवर ओरडतो, त्याचं मन उदास होतं. गोळी घेतली नाही तरी हे सगळं होतं. शिवाय मानसिक आजार असलेल्यांत सिगारेट ओढणारे जास्त असतात. त्यामुळे एखाद्याने काही बरंवाईट करून घेतलं तर ते गोळीने केलं, सिगारेट सुटल्याने केलं, की आधीच्या आजाराने, हे एकेकट्या तक्रारीवरून ठरत नाही. तक्रारींच्या ढिगाला भाजकही नसतो. किती जणांनी गोळी घेतली आणि त्यांना काहीच झालं नाही, ते कोणी पत्राने कळवत नाही. वर एकदा टीव्हीवर बातमी आली की तक्रारी दुप्पट होतात.

तरीही ज्यांनी आरडाओरडा केला त्यांना मूर्ख ठरवू नये, कारण त्याच काळात रिमोनाबँटचं प्रकरण घडत होतं. सॅनोफीचं हे औषध वजन कमी करायला युरोपात २००६ मध्ये आलं. सिगारेट सोडवायलाही ते वापरावं असा कंपनीचा प्रयत्न होता. त्याच्यावरही नैराश्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचा आळ आला, आणि तो खरा निघाला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात विक्री थांबली, पुढच्या वर्षी भारतातही बंदी आली. म्हणजे एकाच वेळी दोन औषधांवर एकच आरोप. एक दोषी, दुसऱ्याचं माहीत नाही.

दुसऱ्याचं कळायला एप्रिल २०१६ उजाडला. एफडीएने भाग पाडलं म्हणून व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी मिळून एक चाचणी केली, ईगल्स नावाची. १६ देश, ८,१४४ माणसं. निम्म्यांना पूर्वीचा किंवा सध्याचा मानसिक आजार, निम्म्यांना काही नाही. कोणाला व्हॅरेनिक्लिन, कोणाला ब्युप्रोपिऑन, कोणाला पॅच, कोणाला नुसती पिठाची गोळी. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. मानसिक आजार नसलेल्यांत गंभीर मानसिक त्रास झालेले व्हॅरेनिक्लिनवर १.३ टक्के, पिठाच्या गोळीवर २.४ टक्के. आजार असलेल्यांत ६.५ आणि ४.९, म्हणजे दोन्हीकडे त्रास जास्तच, पण फरक एवढा नव्हे की गोळीवर बोट ठेवावं. उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत सिगारेटला न शिवलेले व्हॅरेनिक्लिनवर ३३.५ टक्के, पिठाच्या गोळीवर १२.५. पैसा कंपन्यांचा होता, हे मी विसरत नाही. पण पिठाच्या गोळीवरच्या माणसांनाही तसाच त्रास झाला, हे कंपनीच्या पैशाने घडवता येत नाही. एफडीएच्या सल्लागारांत तेव्हाही एकमत झालं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये काळी चौकट निघाली.

चौकट साडेसात वर्षं होती. तेवढ्या काळात बऱ्याच डॉक्टरांनी ही गोळी लिहायची सोडली, आणि लोकांच्या डोक्यातून चौकट आजही निघालेली नाही. २०२२ च्या सुमाराला एका गिऱ्हाइकाच्या मुलाने मोबाइलवर मला २००९ ची बातमी दाखवली आणि म्हणाला, "काकू, असलं औषध बाबांना देताय?" मी त्याला २०१६ चं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि गोळी घेतली नाही.

तोवर गोळीला आणखी एक फटका बसलेला होता. २०२१ मध्ये तिच्यात नायट्रोसअमाइन जातीची अशुद्धी सापडली, जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ गेली तर कॅन्सरचा धोका असणारी. एफडीएची दिवसाची सुरक्षित मर्यादा ३७ नॅनोग्रॅम. जूनमध्ये फायझरने पुरवठा थांबवला, सप्टेंबरात अमेरिकेतला सगळा माल परत बोलावला. याच जातीची द्रव्यं तंबाखूत आणि तिच्या धुरात असतात, तीच तर तंबाखूच्या कॅन्सरच्या मुख्य कारणांपैकी आहेत. एफडीएनेही रुग्णांना सांगितलं की दुसरी मिळेपर्यंत गोळी बंद करू नका. माल परत बोलावणं नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पण गोळी मिळेना म्हणून किती जण परत पाकिटाकडे गेले असतील, त्याची मर्यादा कोणी नॅनोग्रॅममध्ये मोजली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आणि बल्गेरियातल्या त्या स्वस्त गोळीतलं सायटिसिन २०२४ मध्ये ब्रिटनच्या दुकानांत पोचलं, साठ वर्षांनी.

या सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये एक गोष्ट ठळक अक्षरांत हवी होती, ती बारीक टायपातही जेमतेम असते. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या डांबरासारख्या द्रव्यांनी यकृतातलं एक एन्झाइम जोरात कामाला लागतं. दम्याचं थिओफिलिन आणि मानसिक आजारावरची क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं तेच एन्झाइम निकालात काढतं. म्हणून बिडी ओढणाऱ्याला थिओफिलिन जास्त लागतं. आमच्या भागात गिरणीतून छातीचा आजार घेऊन निवृत्त झालेली माणसं वर्षानुवर्षं थिओफिलिनवालं डेरिफायलिन नेत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात बिडी. त्यांतल्या कोणी निश्चय करून बिडी सोडली की आठवड्याभरात एन्झाइम मंदावतं आणि तोच डोस अंगावर येऊ लागतो. छाती धडधडते, हात थरथरतात, मळमळतं, झोप लागत नाही. सोबत गम किंवा गोळी सुरू असेल तर नाव तिचंच. कॉफी-चहाचं कॅफीनही त्याच वाटेने जातं, त्यामुळे रोजचे चार कपसुद्धा जड होतात. गमने किंवा पॅचने यात फरक पडत नाही, कारण हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. म्हणून तंबाखू-चुना सोडणाऱ्या बाईला हा त्रास होत नाही, आणि आपल्या राज्यात तोंडातली तंबाखू घेणारे ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मी मुलाला सांगून ठेवलं आहे. डेरिफायलिनचं किंवा मानसिक आजाराच्या गोळ्यांचं कायमचं गिऱ्हाईक गम मागायला आलं, तर गमबरोबर डॉक्टरांचा नंबर लावून द्यायचा आणि त्याच्यासमोरच बोलायचं, हे उद्यापासून बिडी बंद करतायत, डोस बघता का?